रोकड भरताना: ओळख कोणाची, माहिती कोणाकडे

माझ्या आत्याने आयुष्याची बरीच वर्षे विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना जेवणाचे डबे पुरवले. डब्यांचे पैसे रोखीत यायचे, किराणा आणि भाजीचे पैसे रोखीतच जायचे आणि उरलेले घरातल्या कपाटात राहायचे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे २०२३ च्या अखेरीस तिने काम थांबवले आणि साठलेली सुमारे साडेतीन लाखांची रोकड बँकेतल्या स्वतःच्या बचत खात्यात भरण्याचे ठरवले. तिला पायऱ्या चढणे शक्य नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. काम सोपवताना तिने एकच अट घातली: "पैसे भर, पण बोभाटा नको."

त्या अटीमागचे कारण समजल्याशिवाय पुढचे सगळे अर्थहीन वाटेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून काढल्याची घोषणा झाली आणि जुन्या नोटा खात्यात भरण्यासाठी ३० डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. तेव्हा आत्या याच शाखेच्या रांगेत उभी राहिली होती. खिडकीपलीकडच्या माणसाने तिची रक्कम मोठ्याने विचारली, मोठ्याने मोजली आणि मोठ्याने सांगितली. काही दिवसांतच एका जवळच्या नातलगाने हातउसने मागितले. तिने नाही म्हटल्यावर तिच्याकडे किती आहे याचा नेमका आकडा त्याने तिला ऐकवला. त्यानंतर ती बँकेत जाईनाशी झाली. म्हणजे २०१७ पासूनची बचत घरात राहिली ती कर चुकवण्यासाठी किंवा लपवाछपवीसाठी नव्हे, तर काउंटरवर झालेल्या एका बेपर्वाईमुळे. रोखीचे व्यवहार बँकेच्या नोंदीत यावेत हा कायद्याचा हेतू आहे आणि मला तो मान्य आहे. पण ग्राहकाची गोष्ट चारचौघांत उघडी पडत असेल, तर प्रामाणिक माणूसच आधी बँकेपासून दूर जातो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

शाखेत जाण्यापूर्वी मी नियम वाचून काढले, कारण कायदा काय मागतो आणि शाखा सवयीने काय मागते, यांतला फरक मला समजून घ्यायचा होता. तेव्हा लागू असलेल्या आयकर नियम ११४ बी नुसार एका दिवसात पन्नास हजारांपेक्षा अधिक रोकड बँकेत भरायची असेल तर पॅन नोंदवावा लागे. पॅन नसलेल्या व्यक्तीला फॉर्म ६० मध्ये घोषणापत्र देता येई. मे २०२२ पासून आणखी एक अट आली होती: एका आर्थिक वर्षात सर्व खाती मिळून वीस लाख किंवा त्याहून अधिक रोकड भरणाऱ्याला पॅन किंवा आधार द्यावेच लागे. आत्याची रक्कम त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती.

दुसरा धागा २००२ च्या मनी लाँडरिंग (गैरमार्गाचा पैसा वैध भासवणे) प्रतिबंधक कायद्याचा. हा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला आणि त्याखालच्या नियमांनी बँकांवर ग्राहकाची ओळख पटवण्याची जबाबदारी टाकली. ज्याचे त्या बँकेत खाते नाही असा माणूस पन्नास हजार किंवा अधिक रकमेचा व्यवहार करत असेल, मग तो एका वेळी असो किंवा एकमेकांशी जोडलेल्या तुकड्यांत, तर त्याची ओळख तपासावी लागते. माझे त्या बँकेत खाते नव्हते आणि मी दुसऱ्याच्या खात्यात रोकड भरणार होते, म्हणून माझी ओळख विचारली जाणे हे पूर्णपणे नियमाला धरून होते. यात मला अपमान वाटला नाही आणि कोणाला वाटूही नये. दुसऱ्याच्या खात्यात भरलेली रोकड हा फसवणुकीचा नेहमीचा मार्ग आहे. लोकांना फसवून मिळवलेला पैसा अनेकदा कोणातरी तिसऱ्याच्याच खात्यातून फिरवला जातो आणि ज्याचे खाते वापरले गेले तो बिचारा चौकशीत अडकतो. पैसे कोणी आणून भरले याची नोंद असणे त्या खातेदाराच्याही हिताचे असते.

आमच्या या बेताची कुणकुण लागलेल्या एका परिचिताने आपुलकीने सल्ला दिला की, रोज एकोणपन्नास हजार भरा, म्हणजे पॅनही नको आणि प्रश्नही नकोत. हा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की, त्यातला धोका येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मर्यादेखाली राहण्यासाठी ग्राहक मुद्दाम रकमेचे तुकडे करत आहे असे वाटण्यास कारण असेल, तर त्याची ओळख तपासावी असे रिझर्व्ह बँकेचे केवायसीविषयक, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याविषयीचे, निर्देशच सांगतात. शिवाय संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवण्यासाठी कोणतीही किमान रक्कम ठरलेली नाही. दहा लाखांवरील रोख व्यवहारांची माहिती बँक दरमहा फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवते आणि त्यातही एकाच महिन्यातले एकमेकांशी संबंधित छोटे व्यवहार एकत्र धरले जातात; पण तुकड्यांचा आकृतिबंध डोळ्यांत भरला तर संशयाचा अहवाल कितीही छोट्या रकमेवर जाऊ शकतो आणि तो गेल्याचे ग्राहकाला सांगण्यास बँकेला मनाई आहे. ज्या पैशाचा हिशेब सरळ आहे, तो पैसा तुकडे करून भरल्याने केवळ वाकडा दिसू लागतो. आम्ही सगळी रक्कम एकदम भरायचे ठरवले.

आत्याच्या हिशेबाच्या वह्या याच टप्प्यावर कामी आल्या. प्रत्येक महिन्यात किती डबे गेले, कोणाचे पैसे राहिले, गॅस आणि धान्यावर किती खर्च झाला, हे तिने रेघा मारून व्यवस्थित लिहिले होते. त्यांवरून मी वर्षवार शिल्लकेचा एका पानाचा गोषवारा तयार केला आणि त्याखाली तिची सही घेतली. कोणत्याही वर्षी तिचे उत्पन्न करपात्र मर्यादेपर्यंत पोहोचले नव्हते, त्यामुळे तिने पॅन कधी काढला नव्हता.

शाखेत रोकड खिडकीसमोर माझ्यामागे बरीच माणसे उभी होती. मी भरणा पावती, तिच्या मागे लिहिलेला नोटांचा तपशील आणि आत्याचे पत्र पुढे केले. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने पावती पाहिली आणि सबंध रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात रकमेचा आकडा उच्चारून विचारले, "मॅडम, एवढी रोकड यांच्याकडे कुठून आली?" आत्याचे नावही त्याने त्याच वाक्यात घेतले. २०१६ मध्ये जे घडले होते, नेमके तेच पुन्हा घडू लागले होते. मी त्याला सांगितले की, उत्तर लेखी तयार आहे आणि ते मी शाखाधिकाऱ्यांना त्यांच्या केबिनमध्ये देईन. तोवर कृपया रक्कम आणि नाव उच्चारू नये. त्याला ते आवडले नाही, पण त्याने पावती परत दिली.

पैशाचा स्रोत विचारण्याचा बँकेचा अधिकार मी नाकारत नाही. ज्या खात्यात वर्षानुवर्षे काही हजारांपलीकडे शिल्लक नव्हती त्यात अचानक लाखांची रोकड येत असेल, तर हा व्यवहार ग्राहकाच्या व्यवसायाशी आणि उत्पन्नाशी सुसंगत आहे का, हे पाहणे बँकेचे कर्तव्यच आहे. माझा आक्षेप प्रश्नाला नव्हता, तो कुठे आणि कोणासमोर विचारला गेला याला होता. राष्ट्रीयीकृत बँकांबाबतच्या १९७० च्या कायद्याचे कलम १३ बँकेवर ग्राहकाच्या व्यवहारांविषयी गोपनीयता पाळण्याचे बंधन घालते आणि प्रत्येक अधिकाऱ्याने व कर्मचाऱ्याने कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठा आणि गोपनीयतेची घोषणा करावी असेही सांगते. त्या घोषणेचा मसुदा कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला आहे. खिडकीतल्या माणसाने कधीतरी त्याखाली सही केलेलीच असणार. ओळख तपासण्याच्या कर्तव्यासाठी फॉर्म आहेत, शिक्के आहेत, तपासनीस आहेत, चुकल्यास दंड आहेत. गोपनीयतेच्या कर्तव्यासाठी मात्र शाखेत एक रांग आखणारी पिवळी पट्टीसुद्धा नव्हती.

केबिनमध्ये वातावरण निराळे होते. शाखाधिकारी बाई शांतपणे बोलत होत्या आणि त्यांनी वर्षवार गोषवारा काळजीपूर्वक वाचला. मग कागदपत्रांचा विषय निघाला आणि तिथे बराच वेळ गेला. माझ्या ओळखीसाठी मी वाहन चालवण्याचा परवाना आणि पॅन दिला होता. सहायकाने आधारच हवे असा आग्रह धरला. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या केवायसी निर्देशांत ओळखीची अधिकृत कागदपत्रे दिलेली होती: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचे पत्र आणि आधार असल्याचा पुरावा. यांपैकी कोणतेही एक पुरे. बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती तर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने बँकेत आधारचा वापर ग्राहकाच्या स्वेच्छेवर ठेवला. मी एवढेच सांगितले की, माझ्या परवान्याने ओळख पटत असेल तर दुसरा क्रमांक त्यांच्या दप्तरात ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. शाखाधिकाऱ्यांनी परवाना स्वीकारला.

आत्याचा फॉर्म ६० मात्र सविस्तर भरावा लागला. व्यवहाराची रक्कम आणि तारीख, पैसे कोणत्या मार्गाने दिले, पॅनसाठी अर्ज केला आहे का, नसल्यास शेतीचे आणि शेतीव्यतिरिक्तचे अंदाजे उत्पन्न किती, ओळख आणि पत्ता यांसाठी कोणते कागदपत्र दिले, असे त्याचे रकाने होते आणि खाली माहिती खरी असल्याची घोषणा होती. खोटी माहिती दिल्यास खटला होऊ शकतो, हे त्यातच लिहिलेले होते. असा फॉर्म गडबडीत भरला जातो आणि उत्पन्नाच्या रकान्यात अनेकदा शाखेतलाच कोणीतरी अंदाजाने आकडा टाकतो. तसे होऊ देऊ नये, कारण सही आपली असते. आम्ही तो घरीच भरला होता आणि आत्याने ओळखीसाठी मतदार ओळखपत्र जोडले होते.

याच सुमारास मला जे दिसले, त्याने मी सर्वाधिक अस्वस्थ झाले. सहायकाने मला एक दुरुस्ती लिहून देण्यासाठी टेबलावरच्या कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यातला एक कागद दिला. तो उलटून पाहिला तर मागे कोणा अनोळखी स्त्रीच्या पॅन कार्डाची फिकट आलेली झेरॉक्स होती, तिच्यावर सही आणि मोबाइल क्रमांकही होता. मशीनमधून नीट न आलेल्या प्रती टाकून न देता त्यांचे पाठकोरे कागद वापरले जात होते. कागद वाचवण्याचा हेतू चांगला असेल, पण त्या गठ्ठ्यात किती लोकांची नावे, जन्मतारखा आणि सह्या होत्या कोण जाणे, आणि टोकन क्रमांक लिहून दिलेले तसले कागद ग्राहक घेऊन जात होते. ओळखीची प्रत आणि तिच्यावरची सही एकत्र मिळणे एवढे भांडवल फसवणूक करणाऱ्याला पुरेसे असते. मी तो कागद शाखाधिकाऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी लगेच सगळा गठ्ठा उचलायला लावला आणि त्यांचा चेहरा पाहून, ही गोष्ट त्यांना खरोखर खटकली असे मला वाटले.

मी माझ्या प्रत्येक प्रतीवर आडवे लिहिले होते: कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेच्या रोख भरण्यासाठी, कोणत्या शाखेला दिली. हे लिहिण्याची कायद्याने सक्ती नाही, पण बंदीही नाही. अक्षर कार्डावरच्या छायाचित्राला झाकू नये, मात्र रिकाम्या जागेतच न राहता मजकुरावरून गेलेले असावे. नाहीतर ती कडा कापून प्रत पुन्हा वापरता येते. ज्यांना आधारच द्यायचे असेल त्यांनी शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत द्यावी. जिथे आधारचे प्रमाणीकरण होत नसते तिथे क्रमांक झाकलेला असावा, हे पाहण्याची जबाबदारी निर्देशांनी बँकेवरच टाकली आहे.

शेवटी एक छापील पान सहीसाठी पुढे आले, "केवायसीचेच आहे" असे म्हणून. त्यात कुटुंबातील सदस्यांचे व्यवसाय, घरातील वाहने, विमा आहे का, अशी माहिती विचारली होती आणि तळाशी बारीक अक्षरांत, ही माहिती समूहातील अन्य कंपन्यांना आणि विमा भागीदारांना देण्यास संमती होती. हे केवायसी नव्हे. खाते उघडताना घेतलेली माहिती गोपनीय मानावी आणि ग्राहकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय ती अन्य उत्पादने विकण्यासाठी वापरू नये, असे केवायसीचे निर्देशच सांगतात. आत्याच्या वतीने असली संमती देण्याचा मला अधिकार नव्हता आणि तिला ती द्यायची नव्हती. मी सही न करता पान परत केले. सहायक म्हणाला की त्याशिवाय सिस्टम पुढे जाणार नाही. शाखाधिकाऱ्यांनी पाहिले तेव्हा सिस्टम पुढे गेली.

नोटा मात्र खिडकीतच मोजाव्या लागल्या, कारण मशीन तिथेच होते. दुपारच्या सुट्टीनंतर रांग नसताना शाखाधिकाऱ्यांनी ते करवून घेतले. कर्मचाऱ्याने या वेळी आकडा उच्चारला नाही. मशीनचा दर्शनी भाग माझ्याकडे वळवला, मी मान हलवली, त्याने पावतीवर शिक्का मारला.

घरी आल्यावर आत्याने जे प्रश्न विचारले ते कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा नेमके होते. आता हे कोणाकोणाला दिसणार? माझे उत्तर असे होते. बचत खात्यांत वर्षभरात मिळून दहा लाख किंवा अधिक रोकड भरली तर बँक ते आयकर विभागाला कळवते. तुझी रक्कम त्याखाली आहे. मात्र फॉर्म ६० मधली माहिती विभागाकडे जाते, आणि ती जावी, त्यात लपवण्यासारखे काही नाही. व्यवहाराची नोंद बँकेला किमान पाच वर्षे ठेवावी लागते. बँकेतल्या कर्मचाऱ्याला कामापुरते दिसते, पण बाहेर सांगण्याचा अधिकार नाही. नामनिर्देशित व्यक्तीला (नॉमिनीला) तू असेपर्यंत शिल्लक विचारता येत नाही, मग तो मुलगा का असेना. हे शेवटचे ऐकून तिने दोनदा खात्री करून घेतली.

बँकेला दिलेला कागद एकदा दिला की आपला राहत नाही, असे अनेकजण मानतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मिलर खटल्यात जवळपास तशीच भूमिका घेतली होती: बँकेकडच्या नोंदी बँकेच्या, त्यावर ग्राहकाला खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेशी संबंधित खटल्यात नोव्हेंबर २००४ मध्ये ती भूमिका नाकारली. खासगीपणाचा हक्क व्यक्तीचा असतो, जागेचा नव्हे. म्हणून कागद घरातून बँकेत गेला तरी हक्क त्याच्यासोबत जातो, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. त्या खटल्यात प्रश्न होता आंध्र प्रदेशात मुद्रांक कायद्याला जोडलेल्या एका तरतुदीचा, जिच्याखाली कोणालाही अधिकार देऊन बँकेतली कागदपत्रे तपासता आणि ताब्यात घेता येत होती. न्यायालयाने ती रद्द केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा ही विचारसरणी अधिक भक्कम झाली. मला हे निकाल वाचताना आत्या आठवत होती, जिने कायद्याचे एकही पान न वाचता "पैसे भर, पण बोभाटा नको" या शब्दांत दोन्ही बाजू एकत्र मागितल्या होत्या.

त्यानंतर मी शाखेला लेखी पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. त्यात तीन मागण्या होत्या: ओळखपत्रांच्या खराब प्रती नष्ट करण्याची पद्धत ठरवावी, संमतीचे पान केवायसीच्या कागदांपासून वेगळे करून ते ऐच्छिक असल्याचे त्यावर छापावे, आणि रोकड खिडकीसमोर दोन ग्राहकांत अंतर राहील अशी व्यवस्था करून रक्कम व स्रोत यांविषयीचे प्रश्न लेखी किंवा केबिनमध्ये विचारले जावेत. पहिल्या मागणीवर शाखेने लेखी कळवले की प्रती आता फाडयंत्रात नष्ट केल्या जातात. दुसऱ्यावर उत्तर आले की ते पान ऐच्छिकच आहे. तसे त्यावर छापण्याचा निर्णय वरच्या कार्यालयाचा असल्याने पत्र तिकडे पाठवले आहे. तिसऱ्या मागणीवर उत्तरात एक शब्दही नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले तर लोकपालाकडे तक्रार करता येई, आणि मी ती केली. तक्रारीत रक्कम लिहिण्याची गरज नव्हती, म्हणून लिहिली नाही.